कुरवंड्याहून येणारी पानं

तळेगाव स्टेशन,
२९ नोव्हेंबर १९३६

चि. रशिदा हिस,
नसीरचा सलाम व दुवा.

तार मिळाली असेलच. तुझे बाळंतपण इतके जवळ आलेले, त्यात मिरजेहून एवढा प्रवास. तू आली नाहीस यात तुझी काही चूक नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या बहिणीचा शेवट गुरुवारी पहाटे झाला. पायाची जखम वर चढत गेली होती. पुण्याचे डॉक्टर इन्शुलिन टोचत होते, पण उशीर झाला असे ते म्हणाले. अखेरीस तिला शुद्ध नव्हती, त्यामुळे फार त्रास झाला नसावा. दुपारच्या नमाजानंतर दफन झाले. रोजे चालू असूनही माणसे पुष्कळ आली. स्टेशनमास्तर स्वतः आले होते. शेजारच्या शालूबाईंनी घर सांभाळले.

आणखी एक कळवायचे आहे. लोणावळ्याला तुमच्या अब्बांच्या दुकानावर कुरवंड्याहून मोळी घेऊन येणाऱ्या झुंबरमावशी तुला आठवत असतील. मेहमुदाच्या आजाराचे त्यांच्या कानावर गेले, तेव्हापासून म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून त्या दर आठवड्याला पिसाची पाने पाठवतात. कुरवंड्याच्या वरच्या रानात ही झाडे आहेत. फांदीच्या टोकाला पानांचा झुबका असतो आणि पान मागच्या बाजूने पांढरट दिसते. पाने रात्री थंड पाण्यात भिजत घालायची. सकाळी पाणी भेंडीसारखे बुळबुळीत होते, ते अनशापोटी प्यायचे. गोड लघवीच्या आजारावर तिकडे हेच देतात. डॉक्टर म्हणाले, अपाय नाही, उपायही नाही. मेहमुदा मात्र न चुकता पीत असे.

गाठोडे नथू दूधवाला आणतो. तो पुण्याला दूध घेऊन जातो. गाडी येथे थांबली की माझ्या पार्सल ऑफिससमोर डब्याच्या खिडकीतून गाठोडे माझ्या हातात देतो. भिजवून झालेली पाने टाकायची नसतात. ती वाळवून त्याच फडक्यात बांधायची आणि परतीच्या गाडीत नथूकडे द्यायची, म्हणजे मावशी ती झाडाच्या बुडाशी नेऊन घालतात. असा नेम आहे.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. नथूची गाडी आली. "वहिनींसाठी," तो म्हणाला. मी गाठोडे घेतले. गाडी सुटली.

कुरवंड्याला कळवायचे राहिले आहे. एक-दोन दिवसांत लिहितो.

नसीर


कुरवंडे,
९ डिसेंबर १९३६

बाबूसाहेब नसीरभाऊ यांसी झुंबरमावशीच्या बजरंगचा राम राम.

कागद लिवतोय कारन आईनं डोकं खाल्लंय. "मेमुदा कशी हाय, पाय भरला का, नथ्या काय बोलला?" नथ्या काय बोलनार? गाडी थांबती किती, त्यात त्यो दुधाचं बगंल का बातम्या आनंल? आई त्याला म्हनती, "मेल्या, दुधासंगं जीभ पन इकून आलास का रं?" तवा त्यानं येवडंच सांगितलं की बाबूसाहेब वाळल्यात. बायकू आजारी म्हनल्यावर वाळनारच.

आता एक सांगतो. आई सांगू नको म्हनली व्हती. आमच्याकडं जो दुसऱ्यासाटी पान काडतो त्यो अळनी खातो. आजारी मानूस बरं होईस्तवर तोंडात मीठ घालायचं न्हाई. बरं झालं की त्यानं न्हाईतर त्याच्या घरच्यानं येऊन पान काडनाऱ्याच्या हातावर मीठ ठिवायचं, मग सुटका. वाईट झालं तरी घरच्यानंच येऊन सांगायचं आनि मीठ द्यायचं. परक्याचं चालत न्हाई.

पावसाळ्यापास्नं म्हातारी अळनी भाकर खातीया. माजी बायकू नंदा तिचं कालवन येगळं करती. मी म्हनलं, "आये, चिमूटभर खा की, झाडाला काय कळतंय?" तर म्हनली, "झाडाला न्हाई कळायचं, पन मला कळंल न्हवं, बजऱ्या."

तरी खुशाली कळवा. चार वळी बास झाल्या.

बजरंग


तळेगाव स्टेशन,
१७ डिसेंबर १९३६

श्री. बजरंग यांस,
नसीर आत्तार याचा राम राम.

तुमचे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला. मध्ये ईद होती आणि पार्सलचे काम वाढले आहे.

मेहमुदाच्या पायाचे दुखणे आता राहिलेले नाही. टोचणी बंद केली आहे. रात्री ओरडणे वगैरे काही नाही. घर शांत आहे.

मावशींनी या थंडीत रान चढू नये. पाने पाठवणे बंद केले तरी चालेल. त्यांच्या पथ्याची मला कल्पना नव्हती. त्यांनी मीठ खाण्यास सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.

फडके व पाने नथूबरोबर पाठवली आहेत.

नसीर आत्तार


मिरज,
२८ डिसेंबर १९३६

दुल्हाभाई यांना रशिदाचा सलाम.

मुलगा झाला. आम्ही दोघेही बरे आहोत.

बजरंगचे पत्र आणि तुम्ही त्याला दिलेल्या उत्तराची नक्कल वाचली. सल्ला विचारलात म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या उत्तरात एक शब्द खोटा नाही आणि सगळे पत्र खोटे आहे. "घर शांत आहे" वाचून झुंबरमावशी काय समजेल? आपा बरी होऊन झोपली आहे, असेच ना?

दुल्हाभाई, तुम्ही तिला दुकानापुरती ओळखता. मी आणि आपा तिच्या पाटीतली करवंदं खाऊन वाढलो. अब्बा पैसे द्यायला लागले की म्हणायची, "पोरींच्या खाल्ल्याचं मोल घेतलं तर रानात वाघ धरंल मला." आमच्या घरचं पाणी ती कधी प्यायली नाही, तिच्या घरची रीत तशी. पण आपाला देवी आल्या तेव्हा मोळी विकून झाल्यावर संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. अब्बा म्हणायचे, "मावशी, घरी जा." तर म्हणायची, "मी कुटं तुमच्या घरात बसलीया?"

अशी बाई अळणी खातेय, आणि तुम्ही तिला विनंती करता!

मी स्वतः गेले असते, पण माझा चिल्ला, बाळंतपणाचे चाळीस दिवस, संपायचा आहे. त्याआधी हे लोक मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. शिवाय आता आपाच्या घरचे म्हणजे तुम्हीच. लोणावळा तुम्हाला काही परमुलूख नाही. रविवारी जा, मीठ घेऊन जा, सांगून या.

रशिदा


कुरवंडे,
६ जानेवारी १९३७

बाबूसाहेबांस बजरंगचा राम राम.

रागावू नका, पन हितं घोटाळा झालाय.

मागल्या बारीला आईनं फडकं सोडलं आनि पानं हातात चुरून बगितली. त्याच्या आदल्या तीन-चार बारीला पन तसलीच व्हती, तवा तिनं सोडून दिलं. पानं भिजल्याली न्हाईत. भिजवून वाळल्यालं पान हाताला चिकाट लागतं, येकाला येक धरून बसतं. ही नुसतीच वाळल्याली, चुरा होत्याती. आई म्हनली, "पोरीनं पानी सोडलं."

मग तुमच्यावर घसरली. जशी बोलली तसं लिवतो: "त्या बाबूचा आदीपास्नंच इस्वास न्हाई. शिकल्याला हाय न्हवं! सुईवाल्याचं आइकंल. त्यानंच बंद केलं आसंल. आनि वर मला म्हनतो मीठ खा! मीठ काय कागदावर येतं व्हय?" मी म्हनलं, "आये, तसा मानूस न्हाई त्यो." तर म्हनली, "मग मेमुदा रुसली आसंल. तिला म्हनावं, मी हितं अळनी गिळतीया आनि तुला पानी गिळवंना?"

आता ती खालचं झाड सोडून कड्याखालच्या झाडावर जाती. तितलं पान जास्त बुळबुळीत, म्हनती. परवा घसरली, ढोपार फुटलं. तरी दुसऱ्या दिशी गेली. मी रेल्वेतलं खलाशाचं काम सोडून तिच्या मागं कुटं फिरू?

वहिनीस्नी येवडं सांगा, पानी प्या. माज्यासाटी न्हाई, म्हातारीसाटी.

बजरंग


तळेगाव स्टेशन,
१४ जानेवारी १९३७

चि. रशिदा हिस सलाम व दुवा.

चाळिसावा गेल्या आठवड्यात झाला. फातेहाला शेजारपाजार होता. शालूबाईंनी तांदूळ निवडून दिले.

तुझ्या पत्रानंतर मी रविवारी निघालो होतो. तिकीट काढले. पुड्यात मीठ घेतले होते. लोणावळ्याची गाडी आली, थांबली आणि गेली. मी बाकावर होतो. तिकीट परत केले. बुकिंगवाल्याने विचारले, "काय आत्तार, बेत रद्द?" मी हो म्हणालो.

दरम्यान बजरंगचे दुसरे पत्र आले. ते सोबत पाठवतो. वाचलेस म्हणजे कळेल.

आता मी पाने भिजवतो. मेहमुदा ज्या पातेल्यात भिजवायची त्यातच. सकाळी पाणी मोरीत ओततो आणि पाने पडवीत वाळत घालतो. शालूबाईंनी विचारले, "भाऊ, हे आता कुणासाठी?" मी म्हणालो, परत पाठवायची आहेत.

हे बरोबर नाही, हे मला कळते. मावशींच्या गुडघ्याचे वाचल्यावर तर अधिकच कळते. पण नथू खिडकीतून "वहिनींसाठी" म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती अजून आजारीच आहे. ते मला तोडवत नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

मुलाचे नाव काय ठेवलेत?

नसीर


मिरज,
२२ जानेवारी १९३७

दुल्हाभाईंना सलाम.

नाव अजून ठरले नाही. घरात भांडण चालू आहे.

तुम्ही पाने भिजवता हे वाचून मला आधी राग आला, मग रडू आले, मग पुन्हा राग आला. नथूच्या खिडकीत आपा अजून आजारी आहे, तेवढ्याने तुम्हाला बरे वाटते, ठीक. पण ती खिडकी उघडी ठेवायला एक म्हातारी कडा चढतेय. आपा हयात असती तर तिने तुम्हाला हे करू दिले असते का? तुम्ही तिच्याबरोबर वीस-बावीस वर्षे संसार केलात. तुम्हीच सांगा.

मी कुरवंड्याला लिहिणार नाही. रीत तुमची आहे. पण तुम्ही जाऊन आल्याशिवाय मला पत्र पाठवू नका. पाठवलेत तर उघडणार नाही.

रशिदा


कुरवंडे,
२ फेब्रुवारी १९३७

बाबूसाहेबांस राम राम.

पान लागू पडलं! गेली चार गाठोडी आई सोताच्या हातानं सोडती. पानं चिकाट, येकमेकास्नी धरल्याली. आई हसती, लेकरावानी हसती. शेजारच्या मुक्ताबाईला बोलवून दावलं, "बग, पोरगी प्याया लागली." तुमच्याबद्दल म्हनली, "बाबूला अक्कल आली."

पन आता दुसरंच झालंय. तिचं त्वांड सुजलंय, उटली की भवळ येती. शनवारी झाडाखालीच पडली. गुराख्यास्नी दिसली म्हनून बरं. लोणावळ्याचा डाक्टर आनला. त्यो म्हनला, "अंगात मीठच न्हाई, वर ही चढाई. मीठ द्या, न्हाईतर उटायची न्हाई." नंदानं पेजंत घालून दिलं तर थुकून टाकलं. म्हनली, "येवडं काडलं, आता चार दिस राह्यलं. मेमुदा यील."

आमी तिच्याफुडं हरलो. म्हनून हात जोडतो, येत्या रविवारी वहिनीस्नी घिऊन या. चालाया नको, ठेसनावर मी बैलगाडी आनतो. त्यांच्या हातनं चिमूटभर मीठ घेतलं तर म्हातारी वाचंल. तुमी येनार न्हाई आसं मनातबी आनत न्हाई.

बजरंग


तळेगाव स्टेशन,
८ फेब्रुवारी १९३७

चि. रशिदा हिस,
सलाम व दुवा.

हे पत्र उघडण्यास हरकत नाही. काल मी कुरवंड्याला जाऊन आलो.

बजरंग लोणावळ्याच्या स्टेशनावर बैलगाडी घेऊन आला होता. गाडीत गवत पसरून वर गोधडी घातली होती. मी एकटाच उतरलो, हे त्याने पाहिले. त्याने गोधडीची घडी केली आणि पुढे ठेवली. बरीच वाट गेल्यावर विचारले, "कवा?" मी म्हणालो, कार्तिकात. त्यानंतर तो बैलांशीच बोलला.

मावशी पडवीत घोंगडी पांघरून बसल्या होत्या. चेहरा फार सुजला आहे. मला पाहून त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिले.

"येकलाच? ती कुटं हाय? गाडीत बसवून आलायस व्हय?"

"मावशी, ती नाही."

"न्हाई म्हंजी? आली न्हाई का ऱ्हायली न्हाई?"

"राहिली नाही."

त्यांनी बजरंगकडे पाहिले. तो बैल सोडत होता.

"कवा गेली?"

"कार्तिकात."

"आनि आता पौष सरत आला."

"हो."

"मग पानं कोन भिजवत व्हतं?"

"मी."

"पीत व्हतास?"

"नाही."

"मुडद्या, पियाचं तरी! येवडी चढन चढत व्हते मी."

आत चुलीपाशी नंदाबाई होती. ती हसली की रडली, मला कळले नाही. मावशींनी भिंतीकडे तोंड केले. मी उभाच होतो. बसायला कोणी सांगितले नाही. मग त्यांनी तोंड न फिरवताच हात पुढे केला आणि म्हणाल्या, "दे."

मी घरून मीठ नेले होते. त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते सगळे एकदम तोंडात टाकले. ठसका लागला. नंदाबाईने पाणी दिले. मग माझ्याकडे वळून विचारले, "जवळ कोन व्हतं?"

"मी होतो. शेजारच्या शालूबाई होत्या."

"काय बोलली?"

"शुद्ध नव्हती."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बसू नगंस. आदी झाडाला सांगून ये. ज्याच्या नावानं पान मागितलं त्याचं काय झालं, ते झाडाला सांगाया लागतं. मी गेले आसते, पन माजे पाय गेले. तू जा."

मी बजरंगबरोबर गेलो. चढण बरीच आहे. एके ठिकाणी मला बसावे लागले. झाड कड्याखाली आहे आणि फार मोठे नाही. हाताला येतील तेवढ्या फांद्या बोडक्या झाल्या आहेत. वर मात्र झुबके आहेत, आणि नवी पालवी तांबूस, मऊ, खाली लोंबणारी.

झाडाशी बोलणे मला पटत नव्हते, आपल्या दीन-धर्मातही ते बसत नाही. मी बजरंगला म्हणालो, तू सांग. तो म्हणाला, "मी घरचा न्हाई."

मी सांगितले. तो म्हणाला, "स्टेशनमास्तरच्या कानात सांगितल्यावानी काय सांगताय? जरा मोठ्यानं, बाबूसाहेब. झाड हाय ते."

तेव्हा मी मोठ्याने सांगितले की मेहमुदा वारली. माझी बायको मेहमुदा वारली, आता तिच्यासाठी पाने नकोत. एकदा सांगून पुरले असते, पण मी आणखी काही वेळा म्हणालो असेन. मग बजरंगने माझा दंड धरला आणि आम्ही उतरलो. उतारावर वाळका पाला फार होता.

खाली आलो तेव्हा मावशींपुढे भात-आमटीची थाळी होती. निम्मी झाली होती. डॉक्टर उद्या पुन्हा येणार आहेत. काय ते तेव्हाच कळेल, असे बजरंग म्हणतो. मला पाहून मावशींनी घास हातात तसाच धरला.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हनलं?"

"काही नाही."

"न्हाईच म्हनत काय," मावशी म्हणाल्या. "तरी सांगाया लागतं."

नसीर